टॉनिकवरचा खर्च आणि गोठ्यातली खरी गरज

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की विदर्भातल्या दुकानांत जनावरांच्या टॉनिकच्या बाटल्या समोरच्या फळीवर येतात. दूध आटलं, गाय उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली), बैल थकला, सगळ्यांवर उपाय एकच: लिव्हर टॉनिक नाहीतर बी-कॉम्प्लेक्स. वास्तविक रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव 'ब' गटातली आणि 'के' जीवनसत्त्वं स्वतःच तयार करतात, 'क' यकृतात बनतं, 'ड' उन्हातून मिळतं. आणि उन्हाची आपल्याकडे वाण नाही. चारा सोडलेल्या आजारी जनावराची गोष्ट वेगळी. खात्यापित्या जनावराला पाजलेली बाटली बहुधा वायाच जाते.

कमी पडतं ते 'अ'. सोयाबीन-तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), गव्हांडा (गव्हाचा भुसा), पांढरा पडलेला कडबा यांत ज्यापासून शरीर 'अ' बनवतं ते कॅरोटीन जवळपास नसतंच. यकृतातला साठा दोन-चार महिने पुरतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपासून नुसत्या कुटारावर असलेली गाय मे महिन्यात अंधारात ठेचकाळते, तिचा जार (वार) अडकतो, वासरू कमजोर निपजतं. रोज पाचेक किलो हिरवा चारा मिळाला तरी भागतं. तेही नसेल तर डॉक्टरांकडून 'अ'चं इंजेक्शन घ्यावं.

सरकी ढेप आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम थोडं. दुभत्या गाईला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ आंबोणातून (ढेप-कोंड्याच्या खुराकातून) द्यावं. मात्र विण्याआधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली पाजू नये. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतलं कॅल्शियम सोडण्याची शरीराची तयारी मंदावते आणि व्यायल्यावर गाय बसते. बसलेल्या, मान कुशीकडे वळवलेल्या, कान गार पडलेल्या गाईला तर तोंडाने काहीच पाजू नये. तिला गिळता येत नाही, औषध फुप्फुसात उतरतं. तिथे शिरेतून कॅल्शियम लागतं आणि तेही डॉक्टरांनी हळूहळू दिलेलं. घाई केली तर हृदय बंद पडतं. धडधाकट जनावरालाही पाजताना मान उंच ताणून नाळ (औषध पाजायची नळी) ओतू नये. ठसका लागला की लगेच मान सोडावी.

सर्वांत जास्त चुका वासरांच्या हगवणीत होतात. घरोघरी साखर-मिठाचं पाणी पाजतात, पण लहान वासराला साखर पचवता येत नाही, हगवण वाढते. एक लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घालावा. 35-40 किलोच्या वासराला दिवसभरात तीन-चार लिटर, चार वेळा वाटून पाजावं. दूध तोडू नये. फक्त दूध आणि हे पाणी यांत दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण सोड्यामुळे पोटात दूध फाटत नाही आणि न फाटलेलं दूध नीट पचत नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. दोन सेकंदांत सपाट झाली नाही, डोळे आत गेले, तोंड गार लागलं, वासरू चोखेनासं झालं, की पाजणं थांबवावं. त्याला सलाईनच लागते, आणि ती त्याच दिवशी.

– एक पशुवैद्यक, जि. यवतमाळ