तो बाण डक्टमधून परत येतो हो!

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीतला स्टेल्थ (रडारला सहज न दिसणाऱ्या) विमानांवरचा लेख आवडीने वाचला, पण सोबतच्या चित्रात रडारच्या लाटेचा बाण इंजिनाच्या एअर इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या तोंडात) शिरतो आणि तिथेच गायब होतो, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. शिकत असताना मी दोन वर्षं याच भानगडीत घालवलीयेत, म्हणजे पोकळ डक्टमध्ये (इनटेकपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या नळीत) शिरलेली रडारची लाट कशी आणि किती परत येईल याचं गणित करण्यात, त्यामुळे तो बाण जरा जास्तच टोचला.

आधी छोटी गोष्ट उरकतो. लेखात म्हटलंय की आरसीएस (म्हणजे रडारला वस्तू किती मोठी भासते ते, चौरस मीटरमध्ये) शंभरपट कमी केला की रडारची रेंज पण शंभरपट कमी होते. नाही होत. रेंज आरसीएसच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलते, शंभरपट कमी केला तर रेंज जेमतेम ३.२ पट घटते, अर्धी करायला सुद्धा १६ पट खाली यावं लागतं.

आता डक्ट. १ मीटर व्यासाचा धातूचा गोळा घ्या, त्याचा आरसीएस साधारण ०.७९ चौरस मीटर. तेवढ्याच व्यासाची सपाट चकती १० गिगाहर्ट्झच्या रडारसमोर अगदी काटकोनात धरा, तिचा येतो ८,६०० च्या आसपास! चकतीचं बरं असतं, जरा तिरकी केली की चमक दुसरीकडे जाते. पण त्याच व्यासाची, तळाला पत्रा लावून बंद केलेली नळी तिरकी करा, काही फार फरक पडत नाही, लाट भिंतींवर आपटत आत जाते, तळाला धडकते आणि पुन्हा आपटत आपटत तोंडातून बाहेर, ती पण बऱ्याच दिशांना पसरून. विहिरीत हाक मारल्यासारखंच झालं. शिवाय खऱ्या इंजिनात तळाला कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) फिरती पाती असतात, परतणाऱ्या लाटेवर ती आपला ठसा उमटवतात आणि त्यावरून इंजिन कोणतं याचा अंदाज पण बांधता येतो.

मग हे आधीच कागदावर काढता येत नाही का? येतं, पण घाम फुटतो. १० गिगाहर्ट्झला वेव्हलेंथ ३ सेंटिमीटर. नळी सरळ आणि गोल असेल तर वेव्हगाइडसारखे (लाट वाहून नेणाऱ्या नळीसारखे) मोड, म्हणजे लाट आत बसायचे ठरावीक नमुने, मांडता येतात, १ मीटर व्यासात असे मोड बसतात साधारण ५,५००, आणि डक्ट वाकडा झाला की ही तयार सूत्रंच हातातून जातात. दुसरा मार्ग म्हणजे आतली सगळी जागा बारीक चौकटींत कापायची, वेव्हलेंथच्या दहाव्या भागाची एक चौकट धरली तर ४ मीटर लांब डक्टला ११ कोटींच्या वर चौकटी! म्हणून १९८९ मध्ये लिंग, चौ आणि ली या संशोधकांनी मांडलेली किरण सोडायची पद्धत लोकांना एवढी आवडली, डक्टच्या तोंडावर दाट किरण सोडायचे, प्रत्येकाला भिंतीवर आपटवत फिरवायचं, तोंडाशी परत आला की तिथल्या फील्डवरून (विद्युतचुंबकीय क्षेत्रावरून) बाहेर किती लाट जाईल याचं गणित करायचं.

मीही तेच केलं, आलेख छान आला, सरांना दाखवला, आणि मग सहज म्हणून किरणांची संख्या दुप्पट केली तर एक अख्खं शिखर जागेवरून हललं. आठवडाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधली, ती होती मॉडेलमध्ये, वळणदार भिंत मी मोठ्या सपाट तुकड्यांनी बनवली होती. दहा वेळा आपटल्यावर शेजारून निघालेले दोन किरण भलत्याच ठिकाणी पोचतात, आणि एकूण वाटेत फक्त दीड सेंटिमीटर चुकलं तरी फेज (लाटेच्या चढउताराची वेळ) पार उलटी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि भिंत नीट बनवली तरी तोंडाच्या कडेवर होणारं डिफ्रॅक्शन (लाटेचं कडेभोवती वळणं) साध्या किरणांना कळत नाही ते वेगळंच, आणि पात्यांसाठी तर लोक वेगळं गणित करून ते किरणांच्या गणिताला जोडतात.

लेखातली 'सगळी कमाल (रडारची लाट शोषणाऱ्या) लेपाची' ही गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. समजा लेप एका आपटीत ७० टक्के ऊर्जा खातो, तर एका आपटीने फार काही साधत नाही, पण पाच आपट्यांनंतर उरते ०.२४ टक्के. डक्टला एस सारखं वळण देतात ते यासाठी, पाती थेट दिसत नाहीत आणि आपट्या वाढतात. एफ-११७ या अमेरिकी स्टेल्थ विमानाला वेगळीच युक्ती होती, इनटेकवर जाळी, तिची भोकं वेव्हलेंथपेक्षा बारीक, म्हणजे हवा आत आणि लाट बाहेरच. बी-२ या स्टेल्थ बॉम्बरने तर इनटेकच पंखाच्या वर नेले, खालच्या रडारला तोंडच दिसू नये म्हणून. (जाळीने हवा अडते आणि बर्फ धरायची भीती असते, फुकट काहीच नाही.)

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी 'अमुक विमान रडारवर अमक्या पक्ष्याएवढं दिसतं' असं छापाल तेव्हा कुठल्या फ्रिक्वेन्सीला, कुठल्या कोनातून आणि कुठल्या पोलरायझेशनला (लाटेच्या कंपनाच्या दिशेला) ते पण लिहा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि चित्र पुन्हा छापणार असाल तर बाणाला दोनचार आपट्या खाऊन, थोडा बारीक होऊन का होईना, तोंडातून बाहेर येऊ द्या.

आपला एक वाचक