डाग मागे पडला म्हणजे मागचं सीलच गेलं असं नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि. मागच्या आठवड्यात वाहन पुरवणीत इंजिन ऑइलच्या गळतीवर लेख आला होता, बाकी ठीक होता पण त्यात एक वाक्य सरळ ठोकून दिलंय, की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून ऑइल टपकत असेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गेलं, गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवा. ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मला एका वर्कशॉपमध्ये ऐकवलं होतं आणि मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो.

माझी गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.६ लिटरची. दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, हे मॉडेल १९८९ ला आलं आणि २०१६ मध्ये १० लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे हिची दुखणी जगभर लोकांना पाठ आहेत, मलाच नव्हती. गाडी हलवली की खाली बशीएवढा डाग, बरोबर बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचाच्या खाली. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च मारला, दहा सेकंदात निकाल, मागचं सील. आता या गाडीत गिअरबॉक्स काढायचा म्हणजे गंमत नाही, गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) एक लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आहे ती सोडवायची, प्रोपेलर शाफ्ट काढायचा, सायलेन्सरचा पाइप बाजूला, मग क्लच, मग फ्लायव्हील, तेव्हा कुठे ते सील दिसतं. एवढं सगळं खोलून सील कोरडं निघालं तर काय, असं मी विचारलं तर तो हसला. मला ते हसू पटलं नाही म्हणून गाडी घेऊन घरी आलो.

मुद्दा साधा आहे हो. ऑइल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा फक्त शेवट सांगते, सुरुवात नाही. स्पोर्ट्स कारमध्ये तर अजून घोळ, गाडी बुटकी, खाली बऱ्याचदा प्लास्टिकचा पत्रा, ऑइल त्यावर साचतं आणि भलत्याच भोकातून बाहेर येतं. म्हणून खालून बघून निदान करायचंच नाही, ओली जागा वर वर शोधत जायचं आणि सगळ्यात वरची ओली जागा सापडली की थांबायचं.

आणि त्याआधी इंजिन धुवायचं! लेखात हे एका ओळीतही नाही. वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल असेल तर जुनी गळती कुठली आणि आजची कुठली, देवालाही कळणार नाही. इंजिन थंड असताना तेलकटपणा सोडवणारं डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, अल्टरनेटर आणि कॉइल पिशवीने झाका, पाण्याचा जोरदार फवारा वायरिंगवर नको. वाळलं की थोडं फिरवून आणा आणि मग बघा. तरी कळत नसेल तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिळतो, तो घालून गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, ताजं ऑइल पिवळं-हिरवं चमकतं. खाली शिरणार असाल तर नुसत्या जॅकवर अजिबात नको, स्टँड लावा, हे मी दरवेळी सांगतो आणि लोक दरवेळी दुर्लक्ष करतात.

थेंब बोटावर घेऊन वासही बघा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो आला तर भांडण इंजिनाशी नाहीच, गिअरबॉक्सशी आहे.

माझ्या गाडीत काय निघालं, तर इंजिनच्या हेडच्या, म्हणजे वरच्या भागाच्या अगदी मागे, केबिनच्या भिंतीला चिकटल्यासारखा कॅम अँगल सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याची स्थिती मोजणारा) असतो, त्याच्यावर एक अंगठीएवढी रबरी ओ-रिंग. वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये शिजून ती बांगडीसारखी कडक आणि चपटी झालेली. तिथून ऑइल झिरपतं, हेडच्या पाठीवरून ओघळतं, बेल हाउसिंगवर उतरतं आणि जोडातून थेंब थेंब, अगदी मागचं सील गेल्यासारखं. डोळ्याला ती जागा दिसत नाही, मोबाइल मागे घालून फोटो काढला तेव्हा सेन्सरच्या खाली ओला पट्टा दिसला आणि त्याच्या वर सगळं कोरडं ठक्क. झालं निदान.

दुरुस्ती सोपी पण एका ठिकाणी फसाल. सेन्सर एकाच १२ च्या बोल्टवर असतो, पण तो फिरवला की इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ बदलते, म्हणून सोडायच्या आधी सेन्सर आणि हेड दोन्हीवर मिळून एक रेघ ओढा. मध्ये कॉइल येतात, त्या काढल्या तर हात जातो, नाहीतर शिव्या देत बसायचं. जुनी ओ-रिंग टोकदार वस्तूने उकरू नका, खाचेला चरा पडला तर नवीनही गळेल. नवी रिंग शक्यतो व्हायटॉनची घ्या, साध्या नायट्राइल रबरापेक्षा ती उष्णता बरीच जास्त सोसते, ऑइलचं बोट फिरवून बसवा. सेन्सरचा दात एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे तो एकाच पद्धतीने आत जातो, जात नसेल तर थोडा फिरवा, ठोकू नका. शेवटी डायग्नोसिसच्या डबीत (तपासणीसाठीचं सॉकेट) टीईएन आणि जीएनडी असं लिहिलेल्या दोन पिना वायरने जोडून आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) १० अंश आहे का बघून घ्या. रेघ जुळली म्हणून हे टाळू नका.

टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, गॅस्केटही त्याच दिवशी बदलून टाकलं, कारण प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं. इथे लोक जोर लावून बोल्ट पिळतात, आवळायचे असतात फक्त ५ ते ९ न्यूटन मीटरला. पिळलं की रबर दबून बाहेर येतं आणि गळती वाढते. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत, कॅमची कॅप आणि हेड जिथे मिळतात तिथे थेंबभर. सगळीकडे केक सजवल्यासारखं लावलं तर आतला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, मग गळती परवडली म्हणायची वेळ येते.

लेखात सुटलेलं अजून एक म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी झडप. हा तुंबला की इंजिनच्या पोटातला वायू कोंडतो आणि जिथे कमजोर सील सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो, तुम्ही सील बदलत रहा, पुढचं गळत राहतं. काढून हलवला तर आत खुळखुळ आवाज यायला हवा आणि आयडलवर त्याच्या तोंडाशी बोट धरलं तर ओढ जाणवायला हवी. दोन मिनिटांचं काम, पण आधी करायचं.

लेखात सुचवलेलं गळती थांबवणारं औषधही मला पटलेलं नाही. ते रबराला फुगवतं, चांगल्या-वाईट सगळ्याच रबराला, आणि कडक होऊन चिरलेली ओ-रिंग त्याने परत मऊ-गोल होत नाही.

मागचं सील कधीच जात नाही असं माझं म्हणणं नाही. हेडची पाठ कोरडी, टॅपेट कव्हर कोरडं, ऑइल प्रेशरचा स्विच कोरडा आणि तरी बेल हाउसिंगच्या आतून इंजिन ऑइलच येतंय, तर खुशाल उतरवा गिअरबॉक्स, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या. पण डाग कितीही छोटा असो, ऑइल गरम एक्झॉस्टवर पडत असेल तर आग लागू शकते, तेव्हा दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी ठेवा. बाकी गळतीत ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक रोज बघा.

आपला,
एक वाचक

ता.क. ऑइल बदलल्यावर लगेच धो धो गळायला लागलं तर आधी फिल्टर काढून बघा, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली असते आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवलेला असतो. माझ्या हातूनही हे एकदा झालंय.