ती. आई-बाबांना, छपराच्या कामाबद्दल

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. न.

बाबा, छपरासाठी साइटवर सापडलेल्या ठेकेदाराबद्दल काल फोनवर तुम्ही विचारलंत, “साडेचार तारे आहेत त्याला. लोक काय उगाच देतात?” तेवढ्यात तुमच्या फोनवर दुसऱ्या कुठल्याशा ठेकेदाराचा फोन आला आणि आपलं बोलणं तिथेच राहिलं. आई सांगत होती, तुम्ही त्या ठेकेदार शोधून देणाऱ्या साइटवर नाव, नंबर आणि ‘छप्पर बदलणे, दापोली’ एवढं भरल्यापासून जेवताना फोन, झोपताना फोन. कोणी खेडहून, कोणी चिपळूणहून, आणि एकजण पनवेलहून, ज्याला दापोली रत्नागिरी जिल्ह्यात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तुम्हाला वाटतंय, इतके लोक विचारतायत म्हणजे आपल्याला निवडीला भरपूर वाव आहे. मला तसं वाटत नाही. का नाही, ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून हे पत्र.

लग्नाआधी मी ठाण्याला नोकरी करायचे ती अशाच एका कंपनीत. आपण सगळ्यांना ‘कॉल सेंटर’ एवढंच सांगायचो. माझं काम होतं ठेकेदारांना फोन करून पॅकेज विकायचं. पेस्ट कंट्रोलवाले, पॅकर्सवाले, वॉटरप्रूफिंगवाले, शेडवाले. महिन्याला इतके भरा, इतक्या लीड मिळतील. जास्त भरा, नाव वर दिसेल. लीड म्हणजे तुमच्यासारख्या माणसाने भरलेला फॉर्म. तुम्ही ‘पाठवा’ दाबलंत की तोच फॉर्म एकाच वेळी तीन-चार ठेकेदारांकडे जायचा आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण पहिला फोन केला तर काम आपलं. म्हणून तुमच्या फोनला उसंत नाही. त्या माणसांना तुमच्या घराची घाई नाहीये, त्यांनी भरलेल्या पैशाची आहे.

आता ‘व्हेरिफाइड’चा तो हिरवा शिक्का. आमच्याकडे तो कसा मिळायचा सांगते. दुकानाचा फोटो, जीएसटीचा दाखला, चालू मोबाइल नंबर. तीन गोष्टी जुळल्या की शिक्का. त्या माणसाने घातलेलं एकही छप्पर आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नसायचं. पाहणार कोण? आम्ही सगळे ठाण्यात एसीत बसलेलो. तारे कसे मिळायचे, तर चौकशी केलेल्या माणसाला दोन दिवसांनी मेसेज जायचा, ‘अनुभव कसा वाटला?’ त्या दोन दिवसांत काम सुरूसुद्धा झालेलं नसतं. ठेकेदार गोड बोलला, लगेच आला, मोजमाप घेऊन गेला, की पाच तारे. छप्पर गळतंय की नाही हे कळायला आधी पाऊस पडावा लागतो, आणि पाऊस पडल्यावर परत जाऊन तारे बदलणारा माणूस मी तरी पाहिला नाही. सगळ्याच कंपन्यांत असंच चालतं असं मी म्हणणार नाही, पण तारा कशासाठी दिलाय हे वाचल्याशिवाय त्याला किंमत देऊ नका.

यात कोणी दरोडेखोर नाही, हेही सांगते. ती कंपनी जे विकायची ते उघडच विकायची. फक्त तिचं गिऱ्हाईक तुम्ही नव्हतात, ठेकेदार होता. पैसे तो भरतो, तक्रार त्याची ऐकली जाते, तो सोडून जाऊ नये म्हणून धडपड त्याच्यासाठी होते. तुम्ही त्याला पुरवायचा माल.

आणि ते गिऱ्हाईकही सुखी असतं असं नाही. अमेरिकेत छपरांचं काम मिळवून देणाऱ्या साइटींत होमअ‍ॅडव्हायझर हे मोठं नाव, आता अँजी या कंपनीत आहे. तिच्यावर २०२२ च्या मार्चमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे सरकारी व्यापार आयोगाने, तक्रार दाखल केली. आरोप असा की लीडचा दर्जा आणि त्या कुठून आल्या याबद्दल कंपनीने ठेकेदारांना खोटं सांगितलं. काम करून घ्यायचा विचारही नसलेल्या माणसांची नावं विकली. २०२३ मध्ये कंपनीने ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यायचं मान्य केलं. बाबा, यात लक्षात घ्या, ती भरपाई ठेकेदारांना होती. घरमालकाचा त्यात थेट विषयच नव्हता. आमच्याकडेही ठेकेदार फोनवर ओरडायचे, “मॅडम, दहा लीडमागे एक काम लागत नाही.” मग ज्या एकाचं काम लागतं त्याच्या दरात त्या नऊ लीडचा खर्च चढणार, दुसरीकडून येणार कुठून? चौरस फुटाला सांगितलेल्या भावात तो वेगळा दिसत नाही एवढंच.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत साइटने वरखाली क्रम कशावर लावला ते सांगावं असं आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, पण ते आलं तेव्हा ऐच्छिकच होतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तो आईच्या वहीत लिहून ठेवा. मात्र हातात बिल नसेल तर तिथे फोन करून काय सांगणार?

इथे मला आईशी थोडं भांडायचं आहे. आई, तू म्हणतेस, “कशाला ते मोबाइलवरचे, आपल्या ओळखीचा माणूस बघू.” ओळखीच्या माणसाचीही एक पंचाईत असते. त्याच्याकडे बिल मागता येत नाही, पत्रा वजन करून बघता येत नाही, आणि काम बिघडलं तर पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी तोच बसतो. निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, गावात किती घरांवर ओळखीच्याच माणसांनी पत्रे ठोकले आणि त्यातले किती दुसऱ्या पावसात वाजायला लागले, ते तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा पत्रे मिळत नव्हते, माणसं मिळत नव्हती, हे खरं. पण आज ती घाई नाही. पक्कं बिल देणारा परका माणूस मला तोंडी शब्द देणाऱ्या नातलगापेक्षा चालेल. फक्त तो साइटवर वर दिसतो म्हणून नको.

मग करायचं काय? साइट टाकून द्या असं मी म्हणत नाही. आपल्या कौलांची शाकारणी करणारी जुनी माणसं आता राहिलीच कुठे? त्यांची मुलं मुंबईला गेली. उरलेल्या एक-दोघांची वाट बघत मे महिना निघून जातो, आणि तोपर्यंत वांदरं कौलांच्या आणखी चार रांगा फोडून ठेवतात. तेव्हा नावं मिळवायला साइट वापरा, टेलिफोन डिरेक्टरी वापरायचो तशी. फॉर्म मात्र भरू नका. नाव बघायचं, दुकान कुठे आहे ते बघायचं, आणि आपण फोन करायचा. ज्यांनी फोन केले त्यांच्यातले खेडचे आणि चिपळूणचे ठेवा, पनवेलवाल्याला नमस्कार करा. छप्पर पहिल्या वर्षी कुठे ना कुठे गळतंच, आणि तेव्हा शिडी घेऊन येईल असा माणूस दोन तासांच्या आत राहणारा हवा.

त्या दोघा-तिघांना एकच गोष्ट विचारा: दोन पावसाळ्यांपूर्वी घातलेलं छप्पर दाखव. मोबाइलवरचे फोटो नकोत, ते कोणाच्याही घराचे असतात. पत्ता घ्या आणि तुम्ही दोघं रिक्षा करून जा. आई, तू त्या घरातल्या बाईशी बोल. बाबा मालकाशी बोलतील आणि मालक सांगेल की उत्तम आहे, कारण पैसे त्याने दिलेत. पाणी कुठे टपकलं आणि टोप कुठे लावला ते तिला माहीत असतं. तिला विचार, पहिल्या पावसात गळलं का, आणि गळल्यावर बोलावलं तर किती दिवसांनी आला. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर मी ठेकेदार ठरवेन. असं एकही घर जो दाखवत नाही, त्याचे तारे कितीही असोत, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पत्र्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण फसवाफसवी बहुतेक तिथेच होते. कोटेशनवर ‘०.५० एमएम’ लिहितात. ती जाडी रंगासकट की नुसत्या पोलादाची, हे लिहीत नाहीत. ते लिहून घ्या. आणि माल उतरला की काजू तोलायचा काटा बाहेर काढा. पन्हळी पडण्याआधीची रुंदी ४ फूट असलेला १० फुटी पत्रा ०.५० मिमी पोलादाचा असेल तर साधारण साडेचौदा किलो भरतो. ०.४० चा असेल तर पावणेबाराच्या आसपास. जाडी रंगासकट धरलेली असेल तर थोडं कमी भरेल, पण पावणेतीन किलोंची तफावत रंगाने होत नाही. ठेकेदारासमोर तोला, लपून नको. चांगला माणूस स्वतः एक टोक धरेल.

कोटेशनमध्ये पत्र्याची कंपनी, खालच्या लोखंडी पाइपची जाडी, स्क्रू कोणते, आणि जुनं उतरवण्याची मजुरी धरलीय की नाही, हे सगळं वेगळं लिहून हवं. आपल्याकडे खारा वारा आहे. स्वस्त स्क्रू दोन वर्षांत गंजतात, त्यांच्याखालचं रबर तडकतं आणि पत्रा नवा असूनही तिथूनच पाणी उतरतं. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही. हे बाबांना माहीत आहे, तरी माणूस वर चढला की खालून ओरडायला विसरू नका. जीएसटी नंबर मला व्हॉट्सअ‍ॅप करा, मी सरकारी साइटवर तपासते. आगाऊ रक्कम माल अंगणात उतरल्यावरच. ‘आज टोकन दिलंत तर हा भाव’ असं म्हणणाऱ्याला उद्या या म्हणायचं. आणि पैसे पाठवायला सांगून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या, तो छपराचा माणूसच नव्हे.

कौलं ठेवायची की पत्रा घालायचा हा तुमच्या दोघांचा वाद मी सोडवणार नाही. आई म्हणते पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि ते खरं आहे. बाबा म्हणतात वांदरांसमोर कौलं टिकत नाहीत, तेही खरं आहे. माजघरावर कौलं आणि पडवीवर पत्रा असं अर्धं-अर्धं करायला मला तरी हरकत दिसत नाही. पण सांध्यावरची पन्हळ नीट करणारा माणूस लागेल, आणि त्यासाठीसुद्धा त्याचं असंच एखादं काम बघावं लागेल.

मी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते, मुलांना घेऊन. तोवर घरं बघून घ्या आणि कोटेशन मागवून ठेवा. आपण एकत्र बसून ठरवू, म्हणजे मृगाच्या आत काम उरकेल. दरम्यान साइटवरचा फॉर्म रद्द करा. रद्द करायचं बटण सापडलं नाही तर मला स्क्रीनचा फोटो पाठवा. फोन तरीही काही दिवस येत राहतील, कारण नंबर आधीच वाटून झालाय.

तुमची,
मनी

ता. क. चिपळूणवाला म्हणाला ना, “जुनी कौलं आणि वासे आम्ही फुकट काढून नेतो”? त्याला हो म्हणू नका. जुनी मंगलोरी कौलं हॉटेलं आणि होमस्टेवाले विकत घेतात, आणि आपले वासे सागाचे आहेत. बाबा, चांगली कौलं आणि वासे मोजून वहीत लिहा. न्यायचेच असतील तर त्याने त्यांचा भाव कोटेशनमधून वजा करून दाखवावा.