कॅनडात अडकलेल्या लेकीला गप्प बसवू नका

मा. संपादक,

आपल्या दैनिकाची परदेशी शिक्षणाची पुरवणी आमच्या भागात आवडीने वाचली जाते. कॉलेज, फी, व्हिसा याची माहिती त्यात भरपूर असते. पण तिकडे गेल्यावर संसार बिघडला किंवा मालकाने पगार अडवला तर काय करायचं, हे मी आजवर कुठे छापून आलेलं पाहिलं नाही. म्हणून हे पत्र.

मी दिग्रस तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा हे रोजचं काम. अलीकडे पासपोर्टचे अर्ज वाढले आणि त्यांच्या मागोमाग ज्यांची मुलं आधीच गेली आहेत असे आईबापही येऊ लागले. त्यांना दाखला नको असतो. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहतात आणि मग मोबाईल पुढे करतात. माझी धाकटी बहीण कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला पॅरालीगल, म्हणजे वकिलासारखं कायद्याचं काम करणारी, आहे, हे आता आजूबाजूच्या गावांत माहीत झालंय. मी प्रश्न तिला पाठवते, ती उत्तर देते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा: "ताई, जावई म्हणते पोलिसात गेली तं तुले इंडियात वापस पाठवतील. खरं हाय का?"

खरं नाही. मुलीला तिथलं कायम वास्तव्य मिळालेलं असेल, तर केवळ वेगळी राहिली म्हणून ते जात नाही आणि नवऱ्याला ते रद्दही करता येत नाही. पूर्वी काही जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती. ती एप्रिल 2017 मध्ये काढून टाकली, कारण तिच्या धाकाने बाया मार खात राहत होत्या. उलट ज्याने बायकोला बोलावून घेतलं, त्याने तिचा खर्च तीन वर्षं उचलण्याची सरकारला हमी दिलेली असते आणि वेगळं झालं तरी त्या हमीतून तो सुटत नाही. कायम वास्तव्याचा अर्ज अजून चालू असेल तर मात्र नवरा तो मागे घेऊ शकतो. तिथे धोका खराच आहे. अशा मुलीने घरातल्या छळाच्या कारणावरून तात्पुरत्या निवासी परवान्यासाठी अर्ज करावा. त्याला फी लागत नाही आणि सोबत कामाचा परवानाही मागता येतो.

छळ म्हणजे फक्त मारहाण नाही, हेही घरच्यांना सांगावं लागतं. तिथल्या घटस्फोट कायद्यात 1 मार्च 2021 पासून मोठा बदल झाला. धाक दाखवून सतत ताब्यात ठेवणं, पैशाची कोंडी करणं, धमक्या देणं, हे सगळं आता त्या कायद्यात कौटुंबिक हिंसाचार म्हणूनच धरलं जातं. मुलं कोणाकडे राहणार हे ठरवताना न्यायाधीशाला त्याचा विचार करावाच लागतो. एका आईने मला लेकीचा निरोप ऐकवला. पगाराचं कार्ड नवऱ्याकडे, मोबाईल रोज तपासला जातो, दळण-किराण्यालाही त्याला विचारून जावं लागतं. आई मला म्हणाली, "मारत नाही न तो, मंग कायची तक्रार?" तिच्याशी मी बराच वेळ बोलले.

आता सगळ्यात काळजीचं. घरातले मोठे माणसं पटकन सांगून टाकतात, "पोराले घे अन् निघून ये." हा सल्ला मायेतून येतो, पण त्याने मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. दुसऱ्या पालकाला अंधारात ठेवून मूल देशाबाहेर नेणं हा कॅनडाच्या फौजदारी कायद्यात गुन्हा ठरू शकतो. मुलांना परस्पर पळवण्याबाबतचा 1980 चा हेग करार कॅनडाने स्वीकारला आहे, भारताने नाही. त्यामुळे एकदा मूल इकडे आलं की दोन देशांत दोन खटले सुरू होतात, आणि मुलीला तिकडे परत पाऊल ठेवायची भीती वाटते. कोर्टाचा आदेश झालेला असला, तरी मुलाला घेऊन दुसरीकडे राहायला जायचं तर 60 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. मुलगी संकटात असेल तर तिला विमानाचं तिकीट पाठवण्याआधी वकील गाठून द्या. घरात हिंसाचार होत असेल तर ऑन्टॅरिओत सरकारी विधी साहाय्यातून वकिलाचा दोन तासांचा सल्ला विनामूल्य मिळतो. मदतीच्या 211 या फोन नंबरवर दुभाषाही जोडून देतात.

घटस्फोटाबद्दल थोडक्यात. लग्न आर्णीला लागलं की दारव्ह्याला, त्याने अडत नाही. दोघांपैकी एकजण कॅनडातल्या ज्या प्रांतात वर्षभर राहत असेल, तिथे अर्ज करता येतो, आणि वर्षभर वेगळं राहणं हे कारण पुरतं, एकाच छताखाली वेगळे राहिले तरी. पण तिकडचा एकतर्फी हुकूम इकडे चालेलच असं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय की हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्या बाजूने ते न्यायालय न स्वीकारता झालेला परदेशी घटस्फोट इथे मानला जाणार नाही. दुसऱ्या लग्नाची घाई करणाऱ्यांनी हे आधी वकिलाला विचारावं. आणि नातवाच्या भेटीसाठी तळमळणाऱ्या आजी-आजोबांनाही 2021 च्या बदलानंतर, न्यायालयाची परवानगी घेऊन, भेटीचा आदेश मागता येतो.

नोकरीच्या बाबतीतही धाक तोच, फक्त धाक घालणारा बदलतो. वावर ठोक्याने देऊन मुलाला पाठवणारे एक काका एजंटाची पावती घेऊन आले होते. वहीचं फाडलेलं पान, त्यावर "प्रोसेसिंग" एवढाच शब्द आणि लाखांतली रक्कम, खाली सही, शिक्का नाही. मुलाचा पासपोर्ट मालकाकडे. ऑन्टॅरिओच्या 2009 च्या कायद्याने परदेशी कामगाराकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत आणि त्याचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. घेतलेल्या पैशांबद्दल साडेतीन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाला लागणाऱ्या एलएमआयए नावाच्या परवानगीची 1,000 डॉलर फी मालकानेच भरायची असते. तो कागद "विकत" मिळतो असं कोणी सांगितलं तर तिथूनच उठून या. आपल्याकडेही परदेशी नोकरी लावणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

एका मालकाशी बांधलेला परवाना असला आणि तो मालक छळत असला, तर जून 2019 पासून कोणत्याही मालकाकडे काम करता येईल असा खुला परवाना मागता येतो. शिकायला गेलेल्या मुलांना "ट्रायल"च्या नावाखाली फुकट राबवतात. मालकाने करायला लावलेलं प्रशिक्षणही कामच धरलं जातं, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून ऑन्टॅरिओत किमान वेतन ताशी 17.60 डॉलर आहे. पगार बुडाला तर दोन वर्षांच्या आत कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते, त्यालाही फी नाही. मात्र सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तासांच्या वर काम करू नका, त्यात मालकाचं नाही, तुमचा परवाना अडचणीत येतो. एक चांगला बदल 1 जानेवारी 2026 पासून झालाय. 25 किंवा जास्त माणसं कामाला असणाऱ्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत पगार लिहावा लागतो आणि "कॅनडातला अनुभव हवा" अशी अट घालता येत नाही.

कामाचे हे नियम मुख्यतः ऑन्टॅरिओचे आहेत. दुसऱ्या प्रांतात ते वेगळे. बँक, विमान कंपनी, प्रांताबाहेर जाणारे ट्रक, यांना तर कॅनडाच्या केंद्र सरकारचा कायदा लागतो.

संपादक महोदय, माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपण त्या पुरवणीत दर वेळी एक चौकट या माहितीसाठी ठेवावी, जाणकार वकिलाकडून तपासून. आणि यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने गावोगावच्या शिबिरांत परदेशी गेलेल्या मुलामुलींचा विषय घ्यावा. त्या शिबिरांना मुलींच्या आयांना बोलवावं, कारण लेकीचा पहिला फोन त्यांनाच येतो.

आपली नियमित वाचक,
दिग्रस, जि. यवतमाळ