नौपाड्यातल्या डीटीपीवाल्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

'माझं नाव कुठे लिहू नकोस,' असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

पक्षांचे जुने मराठी जाहीरनामे आणि वचननामे गोळा करायचे, कोणी कधी काय कबूल केलं ते शब्द टाकून शोधता येईल असा संग्रह करायचा, हे माझं काम. बर्लिनच्या डब्ल्यूझेडबी संस्थेतला मॅनिफेस्टो प्रोजेक्ट ५० हून जास्त देशांतले, १९४५ पासूनचे जाहीरनामे असेच गोळा करून कुठल्या मुद्द्यावर किती लिहिलंय ते मोजतो. एका वाक्यात दोन मुद्दे असले तर तिथे वाक्याचेही दोन तुकडे करतात. इतकं बारीक मोजायचं, तर मजकूर आधी अक्षरन् अक्षर बरोबर हवा.

आणि माझा नव्हता. जुन्या फाँटमधली फाइल मी युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणली, 'कर्जमाफी' शोधलं, एकदाही सापडलं नाही. या पक्षाने त्या वर्षी कर्जमाफीचा विषयच काढला नाही, असं मी टिपणात लिहूनसुद्धा टाकलं होतं.

तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवलंत. 'कजर्माफी'. ज वरचा रफार मा वर जाऊन बसला होता. खाली 'विकास'ची वेलांटी सुटून एकटीच पुढे उभी. जुन्या फाँटमध्ये दिसेल तसं टाइप व्हायचं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. वर्षानुवर्षं त्या कळा बडवलेल्या तुमच्या हातांना हे पाठ होतं. कुठल्या कळेला कुठलं अर्धं अक्षर, ते तुम्ही वहीत लिहून दिलंत. मग छापील प्रत मांडीवर घेऊन, ओळीखाली पट्टी सरकवत, चार रविवार माझ्यासोबत बसलात. पैशांचं नाव काढलं की रागवायचात.

'अनूदान' मी दुरुस्त करायला गेले, तर हात धरलात. "छापलंय तसंच ठेव. शुद्ध रूप शेजारी लिही." तो आता आमच्या संग्रहाचा नियम आहे.

कर्जमाफी पहिल्याच पानावर होती, ठळक मथळ्यात. टिपणातलं ते वाक्य मी खोडलं. तुम्ही नसतात तर एका पक्षाबद्दल धडधडीत खोटं माझ्या हातून छापलं गेलं असतं.

रविवारी ऐरोलीहून आणखी एक गठ्ठा घेऊन येतेय. तो जुना कॉम्प्युटर तेवढा भंगारात देऊ नका.

तुमची,
ऐरोलीची मुलगी