सूचना : प्रोजेक्टचं स्टेटस वेळच्या वेळी बदला

नमस्कार मंडळी,

काल ऑनबोर्डिंगच्या, म्हणजे नव्या ग्राहकांना सुरुवात करून देण्याच्या कामाच्या, डॅशबोर्डवर नजर टाकली. निम्म्याहून जास्त प्रोजेक्ट ‘सुरू आहे’ यातच अडकलेले. एक ग्राहक तर गो-लाइव्ह होऊन (प्रत्यक्ष वापर सुरू करून) सपोर्टकडे तिकिटं (मदतीच्या विनंत्या) टाकतोय, आणि आपल्याकडे त्याचा किकऑफ कॉल, म्हणजे अगदी सुरुवातीचा कॉल, अजून ‘बाकी’ दिसतोय!

टास्क संपले म्हणून प्रोजेक्टचं स्टेटस आपोआप पुढे सरकत नाही. आपल्या सेटिंगमध्ये ते हातानेच बदलावं लागतं. शेवटचा टास्क टिक केला की तेवढं वर जाऊन बदला, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खरा घोळ होतो तो ‘थांबवलं’ या स्टेटसचा. ग्राहकाकडून डेटाची फाइल यायची आहे, त्यांचा माणूस रजेवर आहे, म्हणजे काम आपल्यामुळे अडलेलं नाही. अशा वेळी ‘थांबवलं’ करा, कारण लिहा आणि पुन्हा कधी विचारायचं ती तारीख टाका. नाहीतर ते दिवसही आपल्या कालावधीत मोजले जातात आणि सरासरी उगाच फुगते. ‘रद्द’ मात्र ग्राहकाने लेखी कळवल्यावरच. दोन मेलना उत्तर आलं नाही म्हणून रद्द करून मोकळे होऊ नका.

आणि ट्रेनिंगचा कॉल झाला म्हणजे ‘पूर्ण’ नव्हे. ग्राहक प्रत्यक्ष वापरायला लागला, सपोर्टकडे हँडओव्हर झाला, मगच.

आपापले जुने प्रोजेक्ट शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नीट करा. सोमवारचा रिपोर्ट त्यावरूनच निघणार आहे. कुणाला स्टेटस बदलायचा पर्याय दिसत नसेल तर बहुधा परवानगी द्यायची राहिली असेल. इथेच सांगा, लगेच देतो.