वहीतल्या त्या रकान्याबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपण वाचनालयातून निवृत्त झालात त्या दिवशी मला गावी पोहोचता आले नाही आणि समोर बसून सांगायचे ते राहून गेले. हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण आपल्या टेबलावरच्या त्या लांबट वहीने आणि तिच्यातल्या 'अभिप्राय' या रकान्याने माझ्यासारख्या सभासदांना कसे वाचायला शिकवले, हे इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

अकरावीत असताना 'श्यामची आई' परत करताना मी त्या रकान्यात 'फार रडके पुस्तक' एवढेच लिहिले होते. आपण रागावला नाहीत. पुस्तक पुन्हा माझ्यापुढे सरकवून 'कुठे रडके वाटले ते पान सांग, मग जमा करून घेते' म्हणालात. ते पान शोधता शोधता मी मोळीच्या प्रसंगापाशी अडकलो. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खाली पडते, तिला हात लावायला कोणी पुढे होत नाही, आणि शिवाशिव पाळणाऱ्या घरातली आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते, पण घरी आल्यावर अंघोळ करायलाही सांगते. त्या अंघोळीने मी अस्वस्थ झालो. रूढी आईच्याने मोडवत नाही, पण रूढीपायी म्हातारीला ताटकळत ठेवणेही तिला सहन होत नाही, आणि साने गुरुजींनी ही ओढाताण झाकून ठेवलेली नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक नुसते डोळे पुसण्यासाठी नाही, असे माझे तेव्हा झालेले मत आजही कायम आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटातले वनमालाबाईंचे काम मला फार आवडते, तरी मनात घर करून राहिली ती पुस्तकातलीच आई.

'सिंहासन' आपल्या आग्रहावरून पाहिला. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या आपण मला आधी वाचायला लावल्यात, म्हणूनच विजय तेंडुलकरांनी पटकथेत काय ठेवले आणि काय गाळले, हे मला कळू शकले. निळू फुले यांचा दिगू टिपणीस बहुतेक वेळ फक्त पाहतो आणि ऐकतो, आणि त्याच्या त्या पाहण्यातच सगळे राजकारण उघडे पडते. पत्रकारावरचा याहून चांगला मराठी चित्रपट मी पाहिलेला नाही.

'बनगरवाडी'वर मात्र आपले एकमत कधीच झाले नाही. अमोल पालेकर यांच्या १९९५ च्या चित्रपटातले उजाड माळरान आपल्याला पुस्तकापेक्षाही अधिक भिडले होते. माझे म्हणणे असे, की व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीत तरुण मास्तर स्वतः बोलतो, त्यामुळे वाडीची ओळख आपल्यालाही त्याच्याच चालीने, हळूहळू होत जाते, तर पडद्यावर आपण त्याच्याकडे बाहेरून पाहत राहतो. दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः बैलाच्या जोडीला उभी राहते, तिथे माडगूळकर एकही हळहळीचा शब्द खर्च करत नाहीत. ते पान मी तीनदा वाचले होते. मागच्या महिन्यात मी चित्रपट पुन्हा पाहिला. दुष्काळाने वाडी रिकामी होते, तो भाग पाहताना आपले म्हणणे मला प्रथमच बरेचसे पटले, आणि हे आपल्याला कळवल्यावाचून राहवेना.

मत मांडायचे तर पान दाखवता आले पाहिजे, ही सवय आपण मला लावलीत. त्यासाठी आपण दिलेला वेळ आणि पुस्तक दुसऱ्यांदा घरी नेऊ देताना कधीही न आकारलेला दंड, या दोन्हींबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. दिवाळीत गावी येईन तेव्हा आपल्या घरी येण्याची परवानगी असावी. 'बनगरवाडी'ची माझी प्रत सोबत आणीन.

आपला नम्र,
वाचनालयाचा एक जुना सभासद